संकोच करू नका, जावईबापू

आधीच सांगून ठेवते, आमच्या घरी पोरगी नाई. एकच पोरगा, विकास, तो पुन्याले नोकरीवर. तरी आमच्या घरी जावई होता, अन् जावई म्हनजे कुत्रा. ज्याले हासाचं असन त्यानं आताच हासून घ्या. मधात दात काढसान तं मले खपनार नाई.

तवा इंझोरीत येऊन कोनालेही इचारलं असतं, "मनकर्नाबाईचा जावई कुठी हाय?" लहान लेकरानंही हात करून दाखवलं असतं. मारोतीच्या पारावर पडून असे, नाई तं आमच्या गल्लीतल्या पुंजाजीच्या गोठ्यात, नाई तं आमच्या उंबऱ्याबाहेर पुढचे पाय जोडून बसून. बलावल्याशिवाय तो उंबऱ्याच्या आत पाय टाकत नसे. मानपानाचा लय भुकेला.

त्याचं असं झालं. आमच्याजोळ पयले मैना होती. पिवळी कुत्री, एक कान मोडलेला, डोळ्यात काजळ घातल्यासारखी. आमच्या मालकानं तिले हरभऱ्याच्या वावरातून, धुऱ्याच्या बांधावरून उचलून आनलं तवा ती बंडीच्या खिशात मावली होती. मालक म्हनजे जानराव. जित्यापनी म्या कधी त्याईचं नाव घेतलं नाई, आता घेतलं तं कोन रागावते?

या मानसानं माह्या डोक्यावर कधी बोटभर तेल घातलं नाई, अन् त्या कुत्रीच्या कानाले खोबरेल लावे! उनाळ्यात दुपारी वसरीत मैना आडवी पडे. हे चष्मा चढवून, वाटीत घासलेट घेऊन, तिच्या कानातल्या गोचिड्या काढत बसत. एक एक गोचिडी वाटीत टाकत अन् म्हनत, "हे पाय मनकर्ना, हे तं सरपंचपदाले उभी राहनार होती, येवढी फुगली!" मी मनात जळे. वरून म्हने, "हात धुवा अन् मंगच भाकरीले शिवा." मैना एक डोळा उघडून माह्याकडं पाहे अन् पुन्हा मिटे. सवतीसारखी वागली ती माह्याशी, अन् तरी वावरातून यायले मले उशीर झाला तं नाल्यापर्यंत सामोरी येनारी तीच होती.

एक दिवस तिच्यामागं मागं हा आला. लालभडक, छातीवर पांढरा चट्टा, चांगला दनगट. पुंजाजीच्या वावरावर राखनीले होता. रानडुकराईले पळवून लावे म्हनून त्याचं लय नाव होतं. दाराशी येऊन बसला. आत येईना, भुंकेना, मांगेना, नुसती मान वर करून बसला. मैना आतून त्याच्याकडं पाहून राह्यली, हा बाहेरून तिच्याकडं.

मालक म्हने, "दाराशी आला हाय, आत येत नाई, खाले मांगत नाई अन् तोरा तं पाहा! हा जावई हाय बाप्पा आपला."

झालं. नाव पडलं ते पडलं.

दुपारी पुंजाजी दोर घेऊन त्याले न्याले आले. त्याईच्या संगं त्याईची बायको रुपाबाई. कुत्रं उठाले तयार नाई. दोर ओढला तं चारी पाय रोवून उभं राह्यलं. शेवटी पुंजाजीनं दोर खांद्यावर टाकला अन् म्हनलं, "नाई येत तं राहू द्या. घरजावई झालं हे. पन जानराव, पोरगा आमचा हाय हे इसरू नका. आजपासून आपन व्याही."

तवापासून रुपाबाई मले ईनबाई म्हनते अन् मी तिले. सोयरिकीचे सगळे टोमने आमी एकमेकीले मारून घेतले. ती म्हने, "आमचा पोरगा तुमच्या घरी वाळला व." मी म्हने, "तुमी काय दिलं होतं त्याले, गळ्यातला पट्टा तरी दिला का?" वावरात निंदन करता करता आमचं हेच चाले अन् बाकीच्या बाया पोट धरून हासत.

पयल्या दिवशी मालकानं त्याच्यापुढं भाकर ठेवली. त्यानं वास घेतला अन् तोंड वर केलं. खाईना. मालक हात जोडून पुढं बसले, अगदी लग्नातल्या पंगतीत वाढतात तसे. "घ्या जावईबापू, संकोच करू नका." कशानं काय, त्याच टायमाले त्यानं भाकरीत तोंड घातलं. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. आता तुमी म्हनसान कुत्र्याले काय समजते. नसन समजत. पन ते शब्द कानावर पडल्याशिवाय त्यानं आमच्या घरी कधी घास घेतला नाई, हे म्या माह्या डोळ्यानं पाह्यलेलं हाय.

विकास दिवाळीत आला की चिडवे, "आई, मले तं तू कधी अशी हात जोडून जेवाले म्हनली नाई."

मी म्हनलं, "तू लेक हायेस. लेकाले कायचा मान? लेकानं जे शिजलं ते गुमान गिळाव."

मैनेचे पिल्लं झाले, गावभर वाटले. धनजच्या पाहुन्यानं एक नेलं, ते तिथं अजून हाय म्हनते. मंग एका उनाळ्यात मैना पडली. अंग तापलं, खाईना. आमाले वाटलं, ऊन लागलं. कांद्याचा रस झाला, कैरीचं पन्हं झालं, ओलं पोतं अंगावर टाकून झालं. तिच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या तवा मालक तिले घेऊन मंगरूळपीरले ढोराईच्या दवाखान्यात पळाले. डॉक्टर म्हने हा गोचिडीचा ताप हाय, अंगात रक्तच राह्यलं नाई, लय उशीर केला. संध्याकाळी हे तिले मांडीवर घेऊनच परत आले. धुऱ्यावरच्या निंबाखाली तिले पुरलं अन् घरी येऊन वसरीत बसले. म्हने, "एवढ्या काढल्या मनकर्ना, अन् एकच राह्यली असन." त्याच्यानंतर ती घासलेटाची वाटी त्याईनं कधी हातात घेतली नाई. जावयाच्या गोचिड्या म्याच काढाले लागली.

मंग परवाच्या हिवाळ्यात मालकही गेले. सकाळी चहा मांगतला, चहा होईपर्यंत मानूस नाई. गावानं उचलून नेलं. जावई त्याईच्या मागं मसनापर्यंत गेला अन् सगळ्याईच्या आधी घरी आला. त्या एका दिवशी त्याले कोनी या म्हनलं नाई, बसा म्हनलं नाई, तरी तो आत आला अन् मालकाच्या खाटेखाली जाऊन पडला. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा उंबऱ्याच्या बाहेर.

तवापासून घरात आमी दोघंच. एक इधवा सासू अन् एक रंडवा जावई. मी दोन टाइम हात जोडून, ते म्हनत तसंच म्हने, "घ्या जावईबापू, संकोच करू नका." हे शब्द माह्या तोंडातून निघत, पन आवाज मले त्याईचाच ऐकू ये. खरं सांगते, त्याच्यासाठीच म्हने मी. कुत्र्याचं पोट भरे अन् माह्या कानाचं.

आता धोंड्याच्या महिन्याचं सांगते. दर तीन वर्साईनं अधिक महिना येते. तवा जावयाले घरी बलावून, पाटावर बसवून, पुरनाचे धोंडे खाऊ घालतात. त्याचं लय पुन्य म्हनतात. ज्याले पोरगी नाई त्यानं काय कराव? लोकाईचे जावई येताना पाहाव अन् आपलं दार लावून घ्याव. मागचा धोंडा श्रावनात आलता. तवा मालकही होते अन् मैनाही. मालक म्हने, "जन्मभर लोकाचे जावई पाह्यले. यंदा आपल्या जावयाले धोंडा वाढ."

म्या पाट मांडला, रांगोळी काढली, निरांजन लावलं. पुंजाजी अन् रुपाबाई वरमाय-वरबाप म्हनून नवे कपडे घालून आले. मालकानं जावयाच्या गळ्यात दुपट्टा टाकला. मैना बाजूले बसली, लाजल्यासारखी. पानावर एकच धोंडा, वर तुपाची धार. "घ्या जावईबापू, संकोच करू नका." जावयानं धोंडा खाल्ला, पान चाटलं अन् दुपट्टा तोंडात धरून पळाला. मालक हासता हासता डोळे पुसत होते. मी त्याईले म्हनलं, "पाहा, जावयानं आहेर पसंत केला." 

यंदा दोन जेठ आले. अधिकाचा जेठ, अन् ऊन असं की कोंबड्या सावलीतून निघेना. मी ठरवलं होतं, मालकाच्या नावानं जावयाले एक धोंडा वाढाचा अन् बस्स. तसा वाढला. पन या गल्लीले कोनी सांगाव! मागच्या खेपेले सगळे हासले होते, यंदा सगळ्याईले कळवळा सुटला. बिचारी एकटी बाई, जावयाचं करून राह्यली, चाला आपनही पुन्य घेऊ. ज्याईले पोरी नाई त्याईनं तं रांगच लावली. एकीनं धोंडे आनले, एकीनं अनारसे, कोनी श्रीखंड, कोनी तळलेल्या करंज्या. ते शब्द तं गावाले पाठच होते. जो तो हात जोडे अन् म्हने, "घ्या जावईबापू, संकोच करू नका." अन् हा सभ्य मानूस! असा आग्रह झाल्यावर नाई कसं म्हनन?

मले राग येत नव्हता असं नाई, पन बरंही वाटे. मालकानं ठेवलेलं नाव सगळ्याईच्या तोंडी खेळून राह्यलं होतं. त्याच्यातच फसली मी.

एका सकाळी रुपाबाई धावत आली. "ईनबाई, लवकर चाला! जावई पारावर मारोतीले नमस्कार घालून राह्यला!"

पाहाले गेली तं खरंच. पुढचे दोन्ही पाय लांब पसरलेले, छाती जमिनीले टेकवलेली, मागचा भाग वर. डोळे अर्धे मिटलेले. मारोतीच्या अगदी पुढ्यात. बाया जमल्या होत्या. कोनी म्हने अधिकाचं पुन्य हाय, कोनी म्हने मागच्या जन्मीचा साधू असन. रुपाबाईनं त्याच्या कपाळाले कुंकू लावलं अन् त्याच्यापुढं पेढा ठेवला. पुंजाजीनं टोपी काढली. अन् मी? माह्याही डोळ्यात पानी आलं. मनात आलं, हे पाहाले मालक पाह्यजे होते.

मंग म्या हात जोडून म्हनलं, "घ्या जावईबापू, संकोच करू नका."

त्यानं तोंड फिरवलं.

आजपर्यंत कधी फिरवलं नव्हतं.  जोळ जाऊन पोटाले हात लावला तं पोट दगडासारखं, अन् हात लागताच तो कन्हला. उठाले गेला अन् पिवळं पानी ओकला. बाया पदर सावरत मागं सरल्या. पुन्हा पुढचे पाय पसरून तसाच वाकला. म्या म्हनलं, "नमस्कार नाई व बायाहो, हे काही भलतंच हाय!" मैनेचा दिवस माह्या डोळ्यापुढं उभा राह्यला. उशीर. तो एकच शब्द डोक्यात घनासारखा वाजत होता.

पुंजाजीच्या अंगनात मंगरूळपीरचे रऊफभाई हळदीचे पोते गाडीत भरून राह्यले होते. दर वर्सी येतात, गावचेच झाले. जावयाले ते दामाद म्हनतात, पन हात लावत नाई. त्याईच्यात कुत्र्याची लाळ कपड्याले लागली की नमाज होत नाई. म्या धावत जाऊन सांगतलं तं त्याईनं पोते तसेच टाकले.

"चाची, बसा. दामाद को लाओ."

मी अन् पुंजाजी त्याले उचलाले गेलो. पुंजाजीचा कंबरेचा मनका गेलेला, माह्या हातात जोर नाई. दोनदा निसटला तो. रऊफभाईनं पाह्यलं, अन् बाह्या वर करून स्वताच उचलला. "कपडा तो धुल जाएगा," म्हने. गाडी चालवता चालवता त्याईनं दवाखान्यात फोन लावला. "मॅडम, मनकर्नाचाची के दामाद बहुत सिरियस हैं, इंझोरी से लेकर आ रहा हूँ." तिकडून आवाज आला, "अहो, हा जनावरांचा दवाखाना आहे. माणसांचा पुढे चौकात आहे." दुसरा टाइम असता तं मी हासली असती.

डॉक्टरीन तरनी होती, वर्षाराणी मॅडम. त्याईनं जावयाले टेबलावर घेतलं, पोट दाबून पाह्यलं, रक्त काढलं. इचारलं, "काय काय खाल्लं यानं?"

म्या सांगाले सुरुवात केली. धोंडे, तुपासकट. अनारसे. करंज्या. श्रीखंड. बासुंदीही एका घरची होती. सांगता सांगता माहा आवाज बारीक होत गेला.

मॅडम म्हने, "आजी, हे कुत्र्याचं जेवण आहे की जावयाचं?"

"जावईच हाय तो," रऊफभाई दारातून म्हने.

मंग मॅडमनं समजावून सांगतलं. पोटात एक स्वादुपिंड असते. तेलतूप, तळलेलं लय झालं की कुत्र्याचं ते सुजते. पोटात अशी आग पडते की ते बिचारं छाती टेकवून मागचा भाग वर करते, पोटाले जरा आराम पडाव म्हनून. "तो नमस्कार नव्हता, आजी. त्याला सहन होत नव्हतं."

कुंकू अजून त्याच्या कपाळावर होतं. म्या पदरानं पुसलं.

सलाईन लागली, सुया टोचल्या. मी त्याचा पाय धरून बसली. मनात मालकाले म्हनलं, तुमी मैनेले घेऊन इथंच बसले होते ना? एवढं कठीन असते हे, कधी बोलले नाई तुमी. दिवस कलला तवा जावयानं जरा डोळे उघडले अन् माह्या हाताचा वास घेतला. मॅडम म्हने, "आज वाचला. वय झालंय याचं. तूप, तळलेलं, गोड, आता जन्मभर बंद. नुसता भात अन् फोडणी न घातलेलं मुगाचं वरण. पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही, हे स्पष्ट सांगते."

गावात येऊन म्या घरोघरी सांगतलं. सगळ्याईनं माना डोलावल्या. हाव, हाव, कायले कोन देते आता! अन् जावयाले उलटी थांबली, भात पोटात राहू लागला. पन भात खाले त्याले त्याचे शब्द लागतच. मी म्हने, तो खाये. मले वाटलं, निभावलं.

कायचं निभावलं? महिना अजून सरला नव्हता. एका दुपारी पाहते तं हा गोठ्याच्या भिंतीशी पुन्हा तसाच वाकलेला. पुढचे पाय पसरून, छाती टेकवून.  तोंडाशी पाह्यलं तं मिशीले खसखस. अनारशाची खसखस! अनारसे गावात एकाच घरी तसे भरगच्च खसखशीचे होतात.

मॅडमले फोन केला, रऊफभाईच्या हाती सुया-औषध मागवलं, मॅडम स्वताच संगं आल्या अन् सलाईन लावून गेल्या.  ते होताच मी निघाली ती रुपाबाईच्या दारात.

"काय व भैताडीन! मारतं का त्याले? सांगतलं होतं ना तुले!"

रुपाबाई उलटून भांडन असं वाटलं होतं. ती मटकन खाली बसली अन् रडाले लागली. "ईनबाई, एकच दिला व. इत्तासा. अधिकात जावई दाराशी येऊन उभा राह्यला, माह्याकडं पाह्यलं त्यानं. त्याले उपाशी कसं लावू? पाप लागन मले. अन् पोटचा नसला तरी आमच्याच दारचा होता ना तो. म्या म्हनलं संकोच करू नका, अन् त्यानं खाल्लं."

तिच्यावर ओरडाले आलेली मी, तिच्याजोळच बसली. कारन तिचं खरं होतं. कुत्र्याले हाड म्हनता येते. भिकाऱ्याले पुढं जा म्हनता येते. पन जावयाले दारातून रिकामं कोन पाठवन? आज रुपाबाई, उद्या दुसरी कोनी. याले बांधून ठेवलं तं हा दोराशी झगडून जीव देईन. रोग त्याच्या पोटात नव्हता, नावात होता. जवरक हा जावई हाय तवरक गाव याले खाऊ घालनार अन् मारनार.

मंग काय कराव? नाव काढाव. पन ते नाव मालकाचं होतं. त्याईचा सदरा मी पुंजाजीले देऊन टाकला, चष्मा विकासनं नेला, खाट उधईनं खाल्ली. घरात त्याईच्या आवाजाचं एवढंच राह्यलं होतं, एक नाव अन् दोन शब्द. हे काढून टाकाले माहा जीव होईना. लय रडली मी त्या दिवशी, लपवत नाई.

दुसऱ्या सकाळी जावई हालत-डोलत उठला अन् उंबऱ्याबाहेर येऊन बसला. पाय जोडून. माह्या बोलावन्याची वाट पाहत. तवा माह्या मनाचं ठरलं.

म्या गल्ली बलावली. पुंजाजी-रुपाबाईले पुढं बसवलं. वसरीत पाट मांडला, हळद-कुंकू घेतलं, एक नारळ. अन् सगळ्याईले म्हनलं, "आयका. मी याले मांडीवर घेऊन राह्यली. दत्तक. आजपासून हा माहा जावई नाई, माहा लेक हाय. अन् लेकाले कोनी धोंडे देत नाई. लेक घरात शिजन ते खाते. याले कोनी बाहेर काही चारलं तं ते माह्या लेकाले बिघडवनं झालं, अन् मंग माह्याशी गाठ हाय."

लोक हासले. हासू दिलं. पुंजाजी मातर हासले नाई. त्याईले नियमाचं लय. म्हने, "ईनबाई, असं कसं होईन? मैना तुमची लेक. हा तिचा नवरा. त्याले लेक केलं तं भाऊ-बहीन झाले ना ते!"

सगळे माह्या तोंडाकडं पाहाले लागले. मनात होतं ते तोंडातून निघालं. म्या म्हनलं, "मैना गेली, व्याहीबुवा. लेक गेल्यावरही जो सासूचं दार सोडत नाई, तो जावई राहते का? तो लेकच झालेला असते. आमाले म्हनाले उशीर होते, एवढंच."

 रुपाबाईनं पदर तोंडाले लावला. पुंजाजी म्हने, "दत्तक द्याले देनारे लागतात. आना पानी." त्याईनं माह्या ओंजळीत पानी सोडलं. "दिला," म्हने, अन् त्या म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "आता आमी त्याले तुमच्या परवानगीबिगर भाकरीचा कुटकाही देनार नाई."

म्या त्याले मांडीवर घेतलं. चांगलं जडशीळ धूड, उनानं तापलेलं, माह्या मांड्याईले मुंग्या आल्या. त्यानं माह्या हनुवटीले जीभ लावली. नारळ फोडला, खोबरं सगळ्याईले वाटलं, त्याले दिलं नाई.

लोक गेल्यावर मी मालकाच्या फोटोपुढं उभी राह्यली. म्हनलं, "तुमी ठेवलेलं नाव म्या काढून टाकलं. रागावाचं असन तं रागवा. मैनेच्या टायमाले उशीर झाला होता, आता नाई होऊ देत मी." फोटो काय बोलनार? पन माह्या छातीवरचं ओझं जरा उतरलं.

संध्याकाळी भात शिजवला, वर मुगाचं पातळ वरन. ताटली चुलीपाशी ठेवली. तो उंबऱ्याबाहेर, पाय जोडून, मान वर. माह्याकडं पाहून राह्यला. शब्दाची वाट पाहत होता. ते माह्या ओठावर आले होते. घ्या जावईबापू. कोनी ऐकत नव्हतं, म्हनलं असतं तं कोनाले कळलं असतं?

पन एकदा घरात म्हनलं की बाहेर निघतेच. म्या दात आवळले. तो बसला, मी बसली. भात निवला. शेवटी माहं डोकं फिरलं. विकास लहान असताना ताटावरून उठून पळे, तवा निघे तसा आवाज निघाला माहा.

"येतं का नाई मुडद्या मधात! तुह्या बापानं नोकर ठेवले का तुले वाढाले? भात थंडा होऊन राह्यला, गिळ गुमान!"

त्यानं कान पाडले. माह्याकडं पाह्यलं, ताटलीकडं पाह्यलं. मंग उठला अन् उंबरा ओलांडून आत आला, अन् भातात तोंड घातलं.

तितक्यात फोन वाजला, तो कानाले लावला तरी माहं ओरडनं चालूच होतं. विकास होता. "आई, कोनावर एवढी ओरडून राह्यली? बाहेरपर्यंत आवाज गेला असन."

म्या डोळे पुसले. म्हनलं, "तुह्या भावावर. थांब जरा, त्याचं जेवन होऊ दे."